जुन्यांना मुदत नाही

तोंडात टाचण्या होत्या म्हणून बरं. चार की पाच. डोकी ओठांबाहेर, टोकं आत, आणि जिभेवर लोखंडाची ती ओळखीची आंबूस चव. इर्मा गुडघ्यांवर बसली होती आणि डेलनी तिच्यासमोर लाकडी चौथऱ्यावर उभी होती, भलत्याच कुणा मुलीचा निळा गाऊन घालून. दुकानातल्या पुतळ्याची कंबर जाड, त्यामुळे सडपातळ गिऱ्हाइकांचे कपडे डेलनीच्या अंगावर चढवून घेर दुमडायचा, असा मिसेस स्टावरूंच्या दुकानातला रिवाज होता. शाळांमधल्या नाचाचा मोसम तोंडावर आलेला. "सकाळपासून चौथ्यांदा नाचाला निघालेय, आणि अजून एकानेही विचारलं नाही," असं डेलनी नुकतंच म्हणाली होती आणि इर्मा टाचण्यांमागून नाकाने हसली होती. खिडकीबाहेर सरोवरावरून येणारा वारा, फुटपाथच्या कडेला मार्चमधला काळा पडलेला बर्फ. कपाटावरचा फोन थरथरला. डेलनीने उभ्या जागेवरूनच हात लांबवून तो घेतला. "हलू नकोस" म्हणायला गेलेल्या इर्माच्या तोंडून नुसतं "म्म" निघालं. मग गाऊनखालच्या पोटऱ्या एकदम ताठ झाल्या. त्या इर्माच्या नाकासमोरच होत्या.

"इर्मा," डेलनी म्हणाली. "माझं झालं."

"म्म?"

"लॅबचं. डिटेक्टिव्हने कळवलंय. तपासून झालं, आणि जुळलंय म्हणे. पोलिसांकडे आधीपासून नोंद असलेल्या कुणाशी तरी."

इर्माच्या हातातली टाचणी कापडातून आरपार घोट्यात गेली.

"आई गं! म्हातारे, गाऊन शिवतेस की मला?"

घोट्यावर लाल ठिपका आला, फुगला आणि निळ्या काठाला लागला. मिसेस स्टावरू गल्ल्यामागून धावत आल्या. "कुणाचं रक्त? डेलनीचं ना? मग डेलनीच थुंकेल. दुसऱ्याच्या थुंकीने निघत नाही हे. चल पोरी, थुंक लवकर, सुकायच्या आत." डेलनीने कापसाच्या बोळ्यावर थुंकून तो काठावर दाबला आणि तिला हसू आलं. ते हसू थांबायला हवं होतं तिथे थांबलं नाही, पुढे पुढे जात राहिलं, आणि मिसेस स्टावरूंनी काही न समजून तिला गाऊनसकट खुर्चीवर बसवलं. इर्माने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. शेवटची खोचून झाली तेव्हा गप्प राहायला काही कारण उरलं नाही.

"चांगलं झालं," ती म्हणाली. हा आवाज तिने ओळखला. खांद्यात न बसणारा कोट घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला ती ह्याच आवाजात "शोभतोय" म्हणायची.

छातीच्या मधोमध काहीतरी जळत होतं. कॉफी, तिने ठरवलं. रिकाम्या पोटी कॉफी घेऊ नये हे शेहेचाळिसाव्या वर्षी तरी कळायला हवं. संध्याकाळच्या बसमध्ये ते जळणं खाली गेलं नाही. वर, गळ्यापाशी आलं आणि तिथेच बसून राहिलं, आणि पुलावर बस थांबली तेव्हा इर्माने त्याच्याकडे नीट पाहिलं. ती कॉफी नव्हती. गेल्या ऑक्टोबरात डेलनी एका सकाळी दुकानात आली ती कोटाची बटणं चुकीच्या काजात अडकवून. एक बटण खाली सरकलेलं, कॉलर एका बाजूला वर. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेतून बटणं सुटत नाहीत. इर्माने "काय झालं" असं विचारलंच नाही. तिने विचारलं होतं, "अंघोळ केलीस?" डेलनीने मान हलवली, नाही. "लघवीला गेलीस?" पुन्हा नाही. "मग जाऊ नकोस. चल." मिसेस स्टावरूंची गाडी मागून घेऊन तिने स्वतः डेलनीला इस्पितळात नेलं, तीन तास बाहेर बसली, आणि पोरगी पांढऱ्याफटक चेहऱ्याने, कुणाची तरी ढगळ ट्रॅकपँट घालून बाहेर आली तेव्हा तिचा हात धरून म्हणाली, "आता तुझ्या अंगावरच्या पुराव्याचा खोका पोलिसांकडे गेला. आता पडून राहत नाही तो. नव्वद दिवसांत लॅबला तपासावाच लागतो. कायदा आहे." हे म्हणताना आपली मान किंचित ताठ झाली होती हे तिला आज, पुलावर, बस थांबलेली असताना आठवलं. डॉक्टर झालेल्या मुलाबद्दल बायका बोलतात तसं. आणि सांगितल्याप्रमाणे वागलाही तो कायदा. ख्रिसमसनंतर थोडी ओढाताण झाली, पत्रापत्री झाली, डिटेक्टिव्ह बदलला; पण लॅबने आपलं काम मुदतीत केलं होतं, आणि उशिरा का होईना निरोप आला. मग जळतंय काय?

(असं नाही. तिला माहीत होतं काय जळतंय ते. बस हलली म्हणून तिने विचारल्यासारखं केलं.)

घरी आल्यावर बूटही न काढता तिने स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून फोनवर ते पान उघडलं. आपल्या स्वतःच्या खोक्याचा नंबर तिला पाठ होता. बँकेच्या खात्याचा नव्हता. नंबर टाकला की एक निळी पट्टी येते आणि पट्टीवर तुमचा खोका कुठवर पोचला ते दिसतं. चार टप्पे असतात. इर्माच्या पट्टीवरचा पहिला टप्पा भरलेला होता आणि बाकीचे तीन पोकळ.

मिळाला.

गेली सात वर्षं हेच. पान उघडलं, मिळाला. नाताळात उघडलं, मिळाला. नवऱ्याने सामान नेलं त्या दिवशी उघडलं, मिळाला. आज डेलनीच्या पट्टीवर चारही टप्पे भरले असतील. ती पट्टी पूर्ण भरल्यावर कशी दिसते हे इर्माने कधी पाहिलंच नव्हतं, आणि आपल्याला ती पाहायची आहे, एखाद्याच्या घरात नव्याने आलेली वस्तू त्यांची पाठ वळल्यावर हात लावून बघावी तशी, हे लक्षात आल्यावर तिने फोन उपडा ठेवला.

लॅब तिने कधी पाहिली नव्हती. पण एक खोली तिच्या डोक्यात होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. लोखंडी फळ्या. फळ्यांवर पांढरे पुठ्ठ्याचे खोके. हातमोजे घातलेला एक हात येतो, बाईचा की पुरुषाचा हे ठरत नसे, तो फळीवरून बोट फिरवत जातो आणि तिच्या खोक्यापाशी येऊन क्षणभर रेंगाळतो. आजवर तो हात रेंगाळायचा तिथेच खोली संपायची. आज तो पुढे गेला. तिच्या खोक्यावरून पुढे जाऊन त्याने डेलनीचा खोका उचलला, टेबलावर ठेवला, सील कापलं. इर्माला त्या कात्रीचा आवाज आला. तिला त्या कात्रीचा हेवा वाटला, कापल्या जाणाऱ्या सीलचा, बाहेर निघून एकापुढे एक मांडल्या जाणाऱ्या कापसाच्या काड्यांचा. कुणीतरी वाकून पाहत होतं. नाव न घेता, एकही शब्द न बोलता, एका अनोळखी माणसाने आपला एक अख्खा दिवस डेलनीला दिला होता. इर्माच्या खोक्यात एक हिरवा कॉर्डरॉयचा स्कर्ट होता. तो तिने स्वतः शिवला होता, सव्विसाव्या वर्षी, आणि घाईत डावीकडची शिवण नुसत्या धावदोऱ्यावर ठेवली होती, रविवारी पक्की टीप मारू म्हणून. रविवारच्या आधी शुक्रवार आला. धावदोरा अजून तसाच असेल. लॅबमधल्या माणसाने तो पाहिला तर त्याला वाटेल, ह्या बाईला शिवता येत नव्हतं.

येत्या ऑगस्टात वीस वर्षं पुरी होतील. त्यानंतर खोका उघडला, जुळलं, नाव निघालं, तरी त्या माणसावर खटला भरता येणार नाही; त्या मुदतीचाही एक कायदा आहे, जुना, आणि तो मात्र कुणासाठी थांबत नाही.

पहिली तेरा वर्षं खोका पोलिसांच्या गोदामात होता, लॅबपर्यंत गेलाच नव्हता. मग कुठल्यातरी मोजणीत असे हजारो सापडले आणि एका अनोळखी बाईचा फोन आला: आपला खोका सापडलाय, न उघडलेला. इर्मा त्या वेळी बटाटे सोलत होती. नंतरचं वर्ष ती त्या नव्वद दिवसांच्या कायद्यासाठी राजधानीला जात-येत राहिली. विधानभवनातल्या लांबलचक टेबलासमोर बसून, माइकपासून तोंड किती दूर ठेवायचं ते शिकून, तिने सगळं सांगितलं. हॅरिएट नावाची एक उंच बाई तिच्यासारख्यांना मदत करायची. ती शेजारी बसून टेबलाखाली तिचा गुडघा दाबायची. आणि मग ती दुपार. सुनावणीच्या मधल्या सुट्टीत, बाजूच्या खोलीत, प्लास्टिकच्या तबकात ओटच्या बिस्किटांचा ढीग, आणि मसुदा तयार करणारा तो घामेजलेला सदस्य म्हणाला, "अडचण एकच आहे, जुन्यांची. जुने सगळे मुदतीत घातले तर पैसा लागेल, आणि पैसा म्हटला की हे विधेयक इथेच मरेल." खोलीतले सगळे इर्माकडे पाहायला लागले. तिच्याकडेच का? ती एकटीच जुनी होती म्हणून. इर्मा म्हणाली, "मग जुन्यांचं राहू दे. येणाऱ्या मुलींपासून सुरुवात करा." हॅरिएटच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या सदस्याने इर्माचा हात दोन्ही हातांत घेतला. बिस्किटं कोरडी होती, पण त्या दिवशी त्यांना जी चव लागली ती पुन्हा कशालाच लागली नाही. आपण चांगले आहोत ही चव. पुढे गव्हर्नरने सही केली तेव्हा तिथल्या पद्धतीप्रमाणे आपलं नाव तुकड्यातुकड्याने, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलं आणि ती पेनं आजूबाजूला उभ्या असलेल्यांना वाटली. इर्माला मिळालेल्या पेनाने गव्हर्नरच्या आडनावातलं एखादं अर्धं अक्षर लिहिलं गेलं असेल. फोटोत ती दुसऱ्या रांगेत आहे. हसते आहे.

ती तेव्हा खोटं बोलली नव्हती. ह्याचाच तिला राग येत होता. खोटं बोलली असती तर आज परत मागता आलं असतं.

कारण पुढे काय झालं, तर लॅबमधली माणसं तेवढीच राहिली आणि नव्या खोक्यांना मुदत मिळाली. मुदत ज्याला आहे तो आधी. साधी गोष्ट आहे. मिसेस स्टावरूंच्या दुकानातही शनिवारच्या लग्नाचा गाऊन आधी आणि "केव्हाही द्या" म्हटलेल्या पँटी कपाटाच्या तळाशी. दर आठवड्याला नवे खोके येत आणि इर्माचा खोका एकेक जागा मागे सरकत जाई. गेल्या वर्षी तिने लॅबला फोन केला तेव्हा पलीकडची बाई फार गोड बोलली होती.

"मॅडम, तुमचं मला अगदी समजतंय. पण नवीन आधी घ्यावे लागतात. कायदाच आहे तसा."

"माहीत आहे," इर्मा म्हणाली होती.

"हो ना, बऱ्याच जणींना माहीत नसतं," बाई म्हणाली होती. "तुम्हाला माहीत आहे हे फार छान आहे."

बुधवारी डेलनी उशिरा आली, डोळे सुजलेले. दुपारी मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत, दोघी आपापले डबे उघडून बसल्या. इर्माकडे कोबी भरलेले पिरोगी होते, उकडलेल्या करंज्यांसारखे. डेलनीने न विचारता त्यातला एक उचलला, नेहमीसारखा.

"मी नाही म्हणून सांगणार आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"डिटेक्टिव्हला. सरकारी वकिलाला. सगळ्यांना. नको मला ते पुढचं."

इर्माचा चमचा थांबला नाही. तिने तो थांबू दिला नाही.

"मला वाटलेलं, लॅबचं झालं की झालं. एकदाचं संपलं. काल फोन केला तर सरकारी वकिलाकडची बाई सांगतेय की आता कुठे सुरुवात. त्याला धरून आणतील, मग माझा जबाब, मग कोर्टात त्याचा वकील मला विचारणार, कुठे होतीस, किती प्यायलीस. माझ्या भावाला कळणार. इर्मा, मला आत्ता कुठे झोप लागायला लागली होती. दिवा बंद करून झोपते मी आता. तुला माहीत आहे हे किती मोठं आहे?"

"माहीत आहे."

"निकाल यायलाच नको होता. खरं सांगते. पडून राहिला असता तो खोका तर बरं झालं असतं."

वाफेच्या इस्त्रीने सुस्कारा सोडला. इर्माच्या मनात काय आलं ते शब्दांत असं नव्हतंच. एका टेबलावर कुणीतरी भरलेलं ताट मागे सारतंय आणि पलीकडच्या टेबलावर आपण सात वर्षं काटा-सुरी हातात धरून बसलोय, असं काहीतरी. मग त्याच्या पाठोपाठ, अगदी हलकेच, पडद्याखालून वारा यावा तसं दुसरं काहीतरी आलं, आणि ते सुखाचं होतं. डेलनी नाही म्हणेल. मग डेलनीचा तपासलेला खोकाही कुठल्यातरी फळीवर जाऊन पडेल. मग दोघी सारख्या. तिने ते सुख बघितलं, ओळखलं, आणि खाली ठेवलं नाही.

आणि वाक्य तर तयारच होतं. ते तिला हॅरिएटनेच शिकवलं होतं, सगळ्या मदत करणाऱ्या बायकांना ते शिकवतात, भिंतीवरसुद्धा लावलेलं असतं: तुला नको असेल तर नको करूस. निर्णय तुझाच आहे. कुणी तुला काही बोलणार नाही. ह्यात एक अक्षर खोटं नाही. एक अक्षर वाईट नाही. इर्माने ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, अस्तराच्या बाजूने पाहिलं, कुठेही उसवलेलं नव्हतं. ते म्हटलं की झालं. डेलनी तिच्या गळ्यात पडेल, थँक यू म्हणेल. जगात कुणालाही, डेलनीला, मिसेस स्टावरूंना, हॅरिएटला, कधीच कळणार नाही की ते चांगलं वाक्य कुठल्या हाताने पुढे केलं गेलं.

"डेलनी," ती म्हणाली, "तुला जर—"

"पोरींनो!" मिसेस स्टावरू दारात. "ती लग्नाची आलीय, आईला घेऊन आणि सासूलाही घेऊन. मी एकटी मरेन बाहेर. चला."

डेलनी उठली. जाता जाता थांबली. "शुक्रवारी बोलावलंय मला. फोनवर नाही म्हणायला जमणार नाही, ते गोड बोलून वळवतील. तोंडावर जाऊन सांगून येते. तू येशील? शेजारी बसायला?"

"येईन," इर्मा म्हणाली. आणि दोन दिवस ते वाक्य जिभेखाली ठेवून हिंडली. दात घासताना होतं. बसमध्ये होतं. नवऱ्या मुलीच्या सासूने कंबरेत दोन बोटं जागा ठेवा म्हटलं तेव्हा होतं. म्हणून पाहिलं: तुला नको असेल तर. हसून: नको करूस, बाळा. हात धरून: कुणी तुला काही बोलणार नाही. कुठलाही आवाज लावला तरी वाक्य छान बसत होतं.

शुक्रवार. सरकारी इमारतीचा तिसरा मजला, लांब पॅसेज, भिंतीला जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ओल्या बुटांचे ठसे. कुणाच्या तरी डब्यातल्या तळलेल्या माशाचा वास. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासातला, मांसाऐवजी मासे खायचा शुक्रवार होता. डेलनी पाय हलवत होती. "तिथे आत गेले की नुसतं 'नको' म्हणायचं ना? कारण द्यावं लागतं का?"

"नाही लागत."

"मग एका मिनिटाचं काम आहे."

"हो."

तेवढ्यात लिफ्टमधून एक उंच बाई निघाली, गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा, आणि चार पावलं पुढे जाऊन मागे वळली. हॅरिएट. केस पिकले होते. "इर्मा? इर्मा ओल्शेव्स्की? अगं बाई!" तिने कागदांसकट मिठी मारली. "तू इथे कशी? सोबत आलीयस होय कुणाच्या? वाटलंच मला. तू सुधारायची नाहीस." मग डेलनीकडे वळून, इर्मा डोळ्यांनी नको नको म्हणत असताना, "माहीत आहे ना तुला, तू कुणाशेजारी बसलीयस ते? नव्वद दिवसांचा कायदा म्हणतात ना, तो हिने करवून घेतला. ही नसती तर तुझं अजून धूळ खात पडलं असतं." तिला घाई होती. इर्माच्या गालावर ओठ टेकवून ती गेली, आणि तिच्या टाचांचा आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

डेलनीचा पाय हलायचा थांबला होता.

"तू सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं त्यात."

"ऑक्टोबरात तू मला पहिलं विचारलंस, अंघोळ केलीस का. तेव्हाच मला कळलं होतं, तुलाही कधीतरी... पण मी विचारलं नाही. आपण होऊन सांगेल म्हटलं." ती इर्माकडे सरळ पाहत होती. "मग तुझा? तुझ्याच कायद्याने तुझा पहिला झाला असेल."

"नाही झाला."

"म्हणजे?"

"कायदा नव्यांना आहे. जुन्यांना मुदत नाही."

"किती जुना?"

"तू चारेक वर्षांची असशील तेव्हाचा."

पॅसेजमधून एक माणूस पाण्याची बाटली घेऊन गेला. "देवा," डेलनी म्हणाली. "आणि मी परवा तुझ्यासमोर काय बडबडले. पडून राहिला असता तर बरं झालं असतं म्हणून. इर्मा, मला माफ कर. मला काही सुचत नाहीये. तू सांग मी काय करू. तू म्हणशील ते करते. खरंच, तू म्हणशील तसं."

हे असं ताटात वाढून येईल असं इर्माला वाटलं नव्हतं. वाक्य जिभेखालून आपण होऊन वर आलं, कोमट, गुळगुळीत.

"तुला नको असेल तर," ती म्हणाली, "नको—"

आणि तिला आपला आवाज ऐकू आला. शोभतोय.

"थांब," ती म्हणाली. "हे मी चांगुलपणाने बोलत नाहीये."

"काय?"

"मंगळवारपासून मी तुझ्यावर जळतेय, डेलनी. तुझं झालं म्हणून. तू घाबरली होतीस, रडत होतीस, मला दिसत होतं सगळं, तरी जळत होते. तू आत जाऊन नको म्हणालीस ना, तर मला बरं वाटेल. फार बरं वाटेल. आज रात्री मी नीट जेवेन. तेव्हा माझं ऐकू नकोस. तुला खरोखर नको असेल तर नको म्हण, तो तुझा हक्क आहे, मी कोण त्यात. पण माझं ऐकून म्हणू नकोस. ह्या एका बाबतीत जगात कुणाचंही ऐक, त्या लिफ्टवाल्याचं ऐक, माझं नको."

इर्मा डेलनीच्या बुटांकडे पाहत राहिली. एका बुटाची नाडी सुटली होती आणि ती बांधावी असं इर्माच्या हातांना वाटत होतं, पण हात मांडीवरून उठले नाहीत.

"अजूनही जळतेस?" डेलनीने विचारलं. ती खरंच विचारत होती, ताप आहे का विचारावं तसं.

"हो."

"आत्ता, इथे बसून?"

"आत्ता तर जास्तच. ते दार उघडून तुझं नाव घेणार आहेत ना, त्याचंसुद्धा."

"कमाल आहे तुझी," डेलनी म्हणाली. रागावली आहे की काय, ते कळेना. बहुधा तिचं तिलाही कळत नव्हतं. "पाच महिने सगळे माझ्याशी कसे बोलतात माहीत आहे? मी उतू जाणारं दूध असल्यासारखे. आईसुद्धा. आणि तू..." ती थांबली. "ह्याच्यात जळण्यासारखं काय आहे गं?"

"तुला आत बोलावणार आहेत, हेच," इर्मा म्हणाली.

दार उघडलं. काळा सूट घातलेली एक तरुण बाई हातात फाइल धरून बाहेर डोकावली आणि म्हणाली, "या, आत या. तुमचीच वाट पाहत होतो आम्ही."

इर्मा उठून उभी राहिली.

ठरवून नव्हे. गुडघेच उठले. वीस वर्षं दुमडून ठेवलेली कुठलीतरी घडी एकदम सरळ झाली, आणि ती पर्स छातीशी धरून, हनुवटी वर करून, त्या बाईकडे पाहत उभी राहिली. बाई हसली. "मिस क्विलन?" तिने इर्मालाच विचारलं. उत्तर द्यायला इर्माचं तोंड उघडलंसुद्धा. मग शेजारची खुर्ची करकरली.

"मी," डेलनी म्हणाली. "क्विलन मी आहे."

तिने कोट काढला आणि इर्माकडे दिला. दिला म्हणजे तिच्या हातांवर ठेवला, आणि ठेवताना तिच्या खांद्यावर किंचित दाब दिला, इतका की इर्मा खाली बसली. "बस गं," ती हळूच म्हणाली. "धर हा. मी येते." नाडी तशीच सुटलेली. आत जाताना ती नाडी उंबऱ्यावर घासली, आणि दार लागलं.

दाराला वरच्या भागात दुधी काच होती. काचेमागे दोन आकृत्या हलल्या, बसल्या, एक तिसरी आली. खुर्ची ओढल्याचा आवाज. त्या बाईचं काहीतरी लांबलचक, समजावणीच्या सुरात. मग गप्प. आता ते येणार, इर्माला वाटलं, तो एक शब्द, आणि दार उघडेल, आणि आम्ही दोघी लिफ्टने खाली जाऊ आणि मी हिला मासे खाऊ घालीन. तिच्या पोटात त्या जेवणाची भूकसुद्धा लागली. आतून डेलनीचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. आवाज आधी बारीक होता, मग थांबला, मग पुन्हा लागला. इर्मा पुढे वाकली. नको म्हणायला इतका वेळ लागत नाही. आवाज चालूच होता. एकदा कापला, एकदा अगदी खाली गेला, कुणीतरी काही विचारलं, आणि डेलनी त्याचं उत्तर द्यायला लागली, सावकाश, पहिल्यापासून सांगावं तशी. आता कुणीतरी ते लिहून घेत असेल. आता कुणीतरी मान हलवत असेल, हो, हो, पुढे काय झालं, असं विचारत असेल. इर्माच्या गळ्यापाशी ते जळणं पुन्हा वर आलं, ह्या वेळी इतकं की तिने डेलनीचा कोट मुठीत गच्च धरला. तो अजून उबदार होता. आतला आवाज थांबत नव्हता. प्रत्येक शब्दागणिक इर्मा जळत होती, आणि तो आवाज मध्येच थांबू नये म्हणून श्वास रोखून, अगदी न हलता बसली होती.